भाऊ गाडी घेऊ राहिले

भाऊ गाडी घेणार, ही बातमी भाऊंच्या बायकोच्याही आधी काकूंना लागली असावी. काकूंचा आखाडा आणि आमचं घर यांच्यामध्ये तारेचं कुंपण आहे, पण ते शेळ्यांसाठी. बातम्या त्याच्या वरून जातात. काकू गोधडी वाळत घालायला तारेशी आल्या, गोधडी खांद्यावरच राहिली आणि सुरू झाल्या.

"ऐकलं का बाई? भाऊ गाडी घेऊ राहिले. पाडव्याला दारात उभी करायची म्हने."

"कोणती?"

"तेच तं ठरंना! पोराला जीप पाहिजे. भाऊला पिकअप पाहिजे. आन् जावई म्हनतो, घ्यायची तं आयशर घ्या, भाड्यानं लावा, तिचा हप्ता तीच फेडती. तिघाची तीन तोंडं, आन् पैसा तिघातल्या कुनाचाच न्हाई, बँकेचा."

हे भांडण लागलं 2025च्या सप्टेंबरात. त्या महिन्यात मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला की भाऊंच्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले आणि कपाशीची बोंडं झाडावर काळी पडली. आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेपासून लहान जीप, पिकअप, ट्रक यांच्यावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. ट्रॅक्टरचा तर 12 वरून 5 वर. पीक वाहून जावं आणि गाडी स्वस्त व्हावी, दोन्ही एकाच महिन्यात! भाऊंनी तेव्हा दसरा सोडून दिला, दिवाळी सोडून दिली. आता मृग बहाराच्या मोसंबीचे पैसे येऊ घातलेत, तसा विषय पुन्हा वर आला.

"जावयाचं काय जातं सांगायला," काकू म्हणाल्या. "आयशर घेऊन भाऊ काय भरनार तिच्यात? मोसंबी? मोसंबी कधी भाऊनं बाजारात नेली? व्यापारी बाग बघतो, टनाचा भाव बोलतो, तोडनारी मानसं त्याची, गाडी त्याची. माल जातो दिल्लीला. भाऊ फक्त बांधावर उभा राहून काट्याकडं बघतो."

हे अगदी खरं. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फलकसुद्धा लागला, पण बागायतदाराचा माल बहुतेक वेळा झाडावरूनच विकला जातो. बहार वर्षातून एकच धरायचा, आंबे किंवा मृग, आणि त्याची तोड काही दिवसांत आटोपते. त्या काही दिवसांसाठी बारा महिने ट्रक पोसायचा, हे गणित जावयाच्या डोक्यात बसलं असेल, भाऊंच्या बागेत बसत नाही.

जावयाची बाजू मी मांडली, कारण काकूंपुढे कुणीतरी मांडायला हवीच. म्हटलं, काकू, जालन्यात भाड्याला तोटा नाही. लोखंडाच्या एवढ्या रोलिंग मिल आहेत, भंगार येतं, सळया जातात. बियाण्याच्या कंपन्या आहेत. महिकोची सुरुवातच बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली जालन्यात केली. आता समृद्धी महामार्ग झाला. ट्रक रिकामा कशाला उभा राहील?

काकूंनी गोधडी एकदाची तारेवर टाकली. "बाई, भाडं हाय, पन ते धा गाड्यावाल्याला. एका गाडीवाला ट्रान्सपोर्टच्या हापिसाबाहेर बसून चहा पितो. माझा भाचा बसला ना! गाडी उभी, ड्रायव्हर उभा, हप्ता मातर पळू राहिला. आन् त्या गाडीला म्हने युरिया लागतो!"

"लागतो."

"चेष्टा करता काय?"

खरंच लागतो. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम आला, तेव्हापासून मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक लहान टाकी असते. तिच्यात पाण्यात विरघळवलेला शुद्ध युरिया, साडेबत्तीस टक्के. तो धुरातला विषारी वायू मारतो. ती टाकी संपली की गाडी कुरकुर करते आणि शेवटी अडून बसते. काकूंनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. आमच्याकडे ऐन जुलैत युरियाच्या 45 किलोच्या गोणीसाठी रांगेत उभं राहावं लागतं, त्यात आता ट्रकही येऊन उभा राहणार, असंच काहीसं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. वेगळा असतो तो, सांगून पाहिलं. "आसंल," म्हणाल्या.

पण आयशर बाद होण्याचं खरं कारण युरिया नव्हे, गाडीवाट. भाऊंच्या बागेकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांध कोरून कोरून अशी केलीय की बैलगाडी गेली तर समोरच्यानं पऱ्हाटीत उतरायचं. एका बाजूला भाऊंचा सख्खा चुलतभाऊ. मातोश्री पाणंद योजना 2021 साली आली तेव्हा निम्म्या वाटेवर मुरूम पडला, उरलेली निम्मी काळीच राहिली, कारण तिथं चुलतभाऊ आडवा झाला. तहसीलदाराकडं कलम 143 खाली रस्ता मागता येतो, भाऊंना माहीत आहे. पण चुलतभावाच्या मुलीचं लग्न यंदा आहे, आणि लग्नाच्या वर्षी कुणी भावकीवर अर्ज करत नाही. म्हणजे अजून दोन पावसाळे तरी आयशर डांबरीवर उभी करून माल डोक्यावर आणायचा. जावई औरंगाबादच्या बाजूचा, माफ करा, छत्रपती संभाजीनगरच्या. त्याच्या दारापर्यंत सिमेंट आहे.

तेवढ्यात आबा आले. आबा काकूंचे मालक. ऐकू कमी येतं, पण गाडीचं नाव निघालं की बरोबर येतं. "407 घ्या म्हनावं," ते लांबूनच म्हणाले.

आबांसाठी दुनियेत गाडी एकच. टाटांची 407 निघाली 1986 साली. त्याआधी कापूस बैलगाडीनं न्यायचा. एकाधिकार खरेदीच्या केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा, रात्र रात्र बैल सोडून बसायचं, चुली तिथंच. 407 आली आणि रांगेतली जागा बैलांऐवजी ड्रायव्हर धरू लागला. रांग तेवढीच राहिली, असं आबाच सांगतात.

"कापूस जागा खातो, वजन खात न्हाई," आबा म्हणाले. "कापसाला उंच गाडी पाहिजे. सोयाबीनला पाटे पाहिजे. भाऊला इचारा, काय जास्ती पिकवतो."

हे मात्र शहाणपणाचं बोलले. गाडी घेणारे लोक इंजिन बघतात, सीट बघतात. हौद्यात काय पडणार ते कुणी बघत नाही. बोलेरो पिकअपचं 1.3 टन पासिंग धरलं तर 50 किलोचे 26 कट्टे होतात. युरियाच्या गोण्या 28. छोटा हत्ती, 2005 साली आलेला टाटा एस, पाऊण टनाचा. म्हणजे 15 कट्टे. कागदावर. प्रत्यक्षात आमच्याकडे पिकअपमध्ये चाळीस कट्टे टाकतात आणि पुढची चाकं जमिनीला फक्त नमस्कार करत जातात. छोट्या हत्तीची चाकं तर इतकी बारकी, की गाडीवाटेच्या चाकोरीत एकदा उतरला की हौद्याचा तळ मातीला टेकतो. गावातल्या किराणा दुकानाला तो उत्तम. काळ्या रानात नाही.

आणि काळं रान सगळ्यांनाच बुडवतं. पाऊस पडून गेल्यावर पिकअप रिकामी नेली तर मागची चाकं जागच्या जागी फिरतात, कारण जोर मागच्या चाकांवर आणि मागं वजनच नाही. जाणते ड्रायव्हर पावसाळ्यात हौद्यात वाळूचे दोन-तीन कट्टे टाकूनच ठेवतात. चारही चाकांना जोर देणारी पिकअप मिळते, तिचे पैसे जास्त. पण टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की चारही चाकं सारखीच गुळगुळीत. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून माझं आपलं मत, ज्याच्याकडं ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यानं शेतातून डांबरीपर्यंत ट्रॉलीनंच यावं. भाऊंकडं ट्रॅक्टर आहे. मग गाडी लागते ती डांबरीच्या पुढं.

"मंग पुढं ट्रॉलीनंच जावं की जालन्याला," काकू.

जातातच लोक. पण ट्रॉली म्हणजे वेळ, आणि भाऊंनी अलीकडे तुती लावलीय. रेशमाचे कोष वेळ मागतात. जालन्यात कोषांचा बाजार 2018 साली सुरू झाला, त्याआधी आमच्याकडचे लोक पार कर्नाटकात रामनगरला जायचे. कोष हलका, जागा व्यापणारा आणि नाजूक. दाबला गेला की आतला किडा फुटून डाग पडतो आणि भाव उतरतो. उशीर झाला तर पतंग बाहेर पडतो आणि धागाच तुटतो. ट्रॉलीतून हादरे देत नेण्याचा हा माल नव्हे. ताडपत्री टाकलेला पिकअपचा हौदा याला बरा. इथं माझं पारडं भाऊंकडं झुकलं.

काकूंनी पिकअपची बाजू वेगळीकडून धरली. "बाई, 2012-13चा दुस्काळ आठवतो ना? जाफराबादपासून अंबडपर्यंत मोसंबीचे खराटे झाले. भाऊची बाग कशी वाचली? मेव्हन्याची पिकअप हुती. टाकी बसवली, रोज पानी."

ते मी पाहिलेलं आहे. पाण्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही: हजार लिटर म्हणजे एक टन. पिकअपवर हजाराची टाकी शोभते. दोन हजारांची टाकली तर पाटे बसतात, आणि अर्धी भरलेली असेल तर पाणी हिंदकळून वळणावर गाडीच आडवी करतं. भाऊंच्या मेव्हण्यानं बाग वाचवली आणि गाडीचे पाटे घालवले. त्या वर्षी कितीतरी लोकांनी कुऱ्हाडीनं बागा तोडून सरपण केलं. आता शेततळी झालीत. कडवंचीवाल्यांनी तळ्यांवर द्राक्षं उभी केली, ते पाहून बाकीच्यांनीही खोदली. पण दुष्काळ पाहिलेला माणूस हौदा बघतो तेव्हा आधी त्यात टाकी ठेवून बघतो. भाऊ तसेच.

राहिला पोरगा. पोराला जीप पाहिजे, आणि त्याची हसून वासलात लावता येत नाही.

"पोरगं तिशीला आलं," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. कुंपणाजवळ तसं कुणी नव्हतं. "शेती हाय, बाग हाय, तरी पोरगी कोन देईना. सगळ्याला नोकरीवाला पाहिजे. परवा एक स्थळ आलं, पोरीच्या मामानं इचारलं, गाडी कोनती? आता पिकअप सांगायची?"

"का नाही सांगायची?"

"आवं, पोरगी बघायला हौद्यात बसून जानार का मानसं?"

जातात, हीच तर पंचाईत आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या पिकअप बघा. हौद्यात सतरंजी, सतरंजीवर आजीपासून नातवापर्यंत सगळं घर. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि कायद्यानं तिला ते करता येतं. मालाच्या गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विमा आहे. फुकट बसलेल्या पाहुण्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सुप्रीम कोर्टानं वीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मग भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात. हे मी दरवर्षी वर्गात पोरांना सांगते. पोरं ऐकतात, आणि अंगारकीला हौद्यातून मला हात करतात.

मग जीप घ्यावी? यावर काकू क्षणभर गप्प झाल्या. त्याला कारण आहे. समृद्धीत जमिनी गेल्या तेव्हा मावेजा आला, आणि त्या एका वर्षात शिवारात जेवढ्या मोठ्या गाड्या उतरल्या तेवढ्या आधी कुणी पाहिल्या नव्हत्या. काकूंच्या थोरल्यानंही घेतली. ती जीप आता कोठ्याशेजारी पत्र्याखाली असते. तिच्या टपावर कोंबड्या झोपतात.

"आमची काय रोज निघती?" काकू स्वतःच म्हणाल्या. "मैन्यातून दोनदा. एकदा दवाखाना, एकदा कुनाचं तरी लगीन. पन निघती तवा शोभती!"

"समृद्धीवर टोलसुद्धा जीपला कमी," मी म्हटलं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता उघडला तेव्हाचे दर मला आठवतात: मोटार-जीपला किलोमीटरमागं 1 रुपया 73 पैसे, हलक्या मालगाडीला 2 रुपये 79 पैसे.

"म्हंजे कट्ट्यापेक्षा मानूस स्वस्त! बरोबर हाय," काकू म्हणाल्या.

पोरानं पिकअपविरुद्ध पुढं केलेली एक अडचण मात्र दूर झालीय. त्याच्याकडं साधं मोटारीचं लायसन्स. पिकअप घेतली तर वेगळं लायसन्स काढावं लागेल, असं त्यानं भाऊंना घाबरवून ठेवलं होतं. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं निकाल दिला: साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. आणि एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवानाही लागत नाही. पिवळी पाटी मात्र येते, आणि फिटनेसही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. जीपची पांढरी पाटी 15 वर्षं आरटीओचं तोंड बघत नाही. एमएच 21 दोन्हीवर सारखंच, पण पोरीच्या मामाला रंग दिसतो.

"डबल केबिन घ्या म्हनावं," आबा मध्येच म्हणाले. म्हणजे एवढा वेळ ऐकत होते. पुढं पाच माणसं, मागं आखूड हौदा, कॅम्पर म्हणतात ती. सरकारी खात्याच्या ठेकेदारांकडं असते. बाप-लेकाच्या भांडणात मध्यस्थ नेहमी तीच सुचवतो. तीही मालगाडीच, तिचीही पाटी पिवळी. मामा समाधानी नाही. आणि हौदा आखूड, म्हणजे कोषाची पोती केबिनच्या टपावर. भाऊही समाधानी नाहीत. कुणाचंच पूर्ण समाधान न करणारी गोष्ट घरात टिकते असं म्हणतात, पण हप्ता मोठा आहे.

मग काकूंनी ते बोलून टाकलं, जे एवढा वेळ त्यांच्या पोटात होतं. "बाई, गाडी कोनती घ्यावी हे घेनारानं न्हाई ठरवायचं. मागाया कोन येनार, ते बघायचं. जीप घेतली की रात्री दोनला पेशंट. न्हाई म्हनता येत न्हाई, आन् डिझेल मागता येत न्हाई. आमच्या जीपमधी दोन बाळंतपनं झाली, एक दवाखान्याच्या दारात, एक बदनापूरच्या अलीकडं! पिकअप घेतली की समद्या गावाचं खत तुमच्या हौद्यात. जाता जाता दोन कट्टे टाका, जाता जाता शेळी टाका. भाऊचा सभाव तुम्हाला म्हाईत. तो न्हाई म्हननार न्हाई."

"आणि आयशर?"

"आयशर कोन फुकट मागत न्हाई. तेवढं एक तिचं बरं. जावयाला हेच कळतं, म्हनून तो पैशेवाला."

मी म्हटलं, मग भाऊंसारख्या माणसानं आयशरच घ्यावी की. काकू हसल्या. "भाऊ आयशरबी फुकट देईल."

भाऊंच्या मृग बहाराचा काटा झाल्यावर चार-पाच दिवसांनी भाऊ स्वतः कुंपणाशी आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. म्हणजे काहीतरी मागायचंय. काकू चुलीवरून उठून आल्या, मीही भांडी टाकून आले.

"पिकअप बुक केली," भाऊ म्हणाले. "1.3 टनाची. पाडव्याला येती."

"आन् पोरगं?"

"रुसलंय. दोन दिस जेवलं न्हाई. मंग त्याच्या आईनं सांगितलं, गाडीवर तुझं नाव घालू. हौद्याच्या मागं, फाळक्यावर, मोठ्या अक्षरात. तवा जेवलं."

"मग बरं झालं," मी म्हटलं.

"हां, पन," भाऊ टोपी फिरवत राहिले, "रविवारी मंठ्याला जायचंय. पोरगी बघाया. मामा बोलवू राहिला. तं काकू, म्हनलं, थोरल्याची जीप..."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग पत्र्याखाली पाहिलं. कोंबडी टपावरून उतरली नव्हती.

"न्या," त्या म्हणाल्या. "धुऊन न्या आन् डिझेल टाकून आना. आन् पिकअप आली का पयल्या खेपेला माझा डीएपी आनायचा, धा कट्टे."

"आनतो."

"भाडं?"

"तुमच्याकडून काय भाडं घ्यायचं काकू," भाऊ म्हणाले आणि जीपकडं निघाले.

"बघा," काकू मला म्हणाल्या, "गाडी आजून शोरूममधीच हाय."